गच्चीवरचे दोन तंबू

तंबूच्या आत, जिथे दोन कापडं एकमेकांना शिवली होती त्या रेषेवर, एक थेंब लोंबत होता. सोनाली त्याच्याखाली मांडी घालून बसली होती आणि मान वर करून त्याच्याकडे बघत होती. थेंब ज्वारीच्या दाण्याएवढा झाला होता. त्याहून मोठा होत नव्हता आणि पडतही नव्हता. बाहेरून अजिनाथ पाइपानं पाणी मारत होता. पाण्याचा फटकारा कापडावर बसला की थेंब थरथरायचा आणि परत जागच्या जागी थांबायचा.

"गळतोय का?" अजिनाथनं बाहेरून विचारलं.

"सांगता येत नाही."

"सांगता येत न्हाय म्हंजे? पाणी आत यायलंय का न्हाय, एवढंच सांग की."

"एक थेंब आहे. पण तो बाहेरून आलाय की आतलाच आहे, ते कळत नाही."

पाइप थांबला. "आत कुटनं येईल पाणी?"

सोनालीनं दाराच्या चेनकडे बघितलं. त्यांची सात वर्षांची भुवनेश्वरी पहाटेच उठून उशी घेऊन या तंबूत येऊन झोपली होती आणि तिनं दाराची चेन आतून लावून घेतली होती. बंद जागेत माणूस श्वास सोडतो, श्वासात वाफ असते. थेंब त्या वाफेचा असेल, किंवा शिवणीतून झिरपलेला असेल. पाणी मारण्याआधी आत येऊन बघितलं असतं तर समजलं असतं. पण ते सुचलं नव्हतं. शाळेत नववीच्या मुलांना ती दरवर्षी सांगायची की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशामुळे काय झालं ते ओळखता येत नाही. या गच्चीवर सकाळपासून सगळंच एकदम बदलत होतं.

मुळात तंबूच दोन होते. जुळे सोलापुरातल्या त्या घरात दोन तंबू कुणालाच नको होते, तरी ते शेजारी शेजारी उभे होते. निळा लहान तंबू अजिनाथनं फोनवरून मागवला होता. त्याच्या खोक्यावर चार माणसांची आकृती होती. हिरवा मोठा तंबू सासऱ्यांनी, बापूसाहेबांनी, मंगळवार पेठेतून रिक्षात घालून आणला होता. त्याच्यावर सहा माणसं होती. दोन्ही परवडणाऱ्यातलेच होते, दोन्ही एकाच आठवड्यात आले होते आणि बापलेकांनी एकमेकांना विचारलं नव्हतं. निळा परत करायचा तर फोनवर आज दुपारपर्यंत कळवायचं होतं. हिरव्याचा दुकानदार म्हणाला होता, मळला नसेल, भिजला नसेल तर घेतो परत. त्यामुळे पाण्याची परीक्षा फक्त निळ्याचीच चालली होती, आणि सोनालीला ते अजिबात पटलेलं नव्हतं.

"पाणी नुसतं वतायलाय व्हय रं?" जिन्यातून सासूबाईंचा आवाज आला. मायाक्का धापा टाकत वर आल्या. त्यांच्या काखेत वाकळा होत्या आणि वाकळांवर घड्या घातलेल्या चादरी.

"चाचणी चाललीय आई."

"चाचणी घे की. पर पाच दिसानी नळाला पाणी आलंय, त्ये पालाला पाजायला न्हाय आलं." मायाक्का तंबूला पालच म्हणायच्या. लग्नाआधी त्या मेंढरांमागं हिंडलेल्या होत्या, तेव्हाचा तो शब्द होता. "खाली पिपं भरायचीत आजून. तुजा बा एकटाच मोटारीपाशी उबा हाय."

अजिनाथनं पाइप गुंडाळला. गच्चीच्या स्लॅबमध्ये खुंट्या ठोकता येत नव्हत्या, म्हणून दोन्ही तंबूंच्या दोऱ्या त्यानं पाण्यानं भरलेल्या तेलाच्या डब्यांना बांधल्या होत्या. ते डबे बघून मायाक्कांच्या कपाळावरच्या आठ्या थोड्या कमी झाल्या. निदान ते पाणी नंतर वापरता येण्यासारखं होतं.

सोनालीनं पदराच्या टोकानं थेंब टिपून घेतला आणि ती बाहेर आली.

तंबू कशासाठी हवा होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच ते बोललेलं नव्हतं. दिवाळीला हुलजंतीच्या जत्रेला जायचं, हे ठरलेलं. आजवर मुक्काम जत्रेच्या जवळच, राजनंदिनीच्या नणंदेच्या घरी असायचा. राजनंदिनी म्हणजे अजिनाथची धाकटी बहीण, वैरागला दिलेली. उन्हाळ्यात ती एका लग्नासाठी एक बॅग घेऊन माहेरी आली आणि परत गेली नाही. भांडण झालं का, तर नाही म्हणाली. मग कधी जाणार, हे कुणी विचारलं नाही. पावसाळ्यात तिनं एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम धरलं. "घरी बसून काय करू," एवढंच बोलली. या वर्षी नणंदेकडे उतरायचं नाही, असंही कुणी म्हटलं नाही. एक दिवस जेवताना अजिनाथ म्हणाला, "टेंट घेऊ या की, पोरीला मजा येईल," आणि सगळे इतक्या पटकन हो म्हणाले की सोनालीच्या हातातला घास थांबला होता.

खाली हौदाच्या काठावर बापूसाहेब एक हात मोटारीच्या बटणावर ठेवून उभे होते. पाण्याला जोर होता. दुसऱ्या हातातला फोन वाजला तसा त्यांनी आधी जिन्याकडे पाहिलं.

"बोला सिदूराव."

"आबा, पाणी आलंय वाटतं. आवाज यायलाय," पलीकडून जावई म्हणाला.

"आलंय की आज. लई दिसानी."

"मग जत्रंचं पक्कं का?"

"पक्कं. तंबूच आणलाय, मोठा. तुमी आदल्या दिवशी हितंच या. समदी मिळून जाऊ."

मग सिदू म्हणाला, "ती काय म्हणती?"

"कोण?"

"आबा."

"हां, नंदा. ती काय म्हणणार? आजून विचारलं न्हाय, पर न्हाय कशाला म्हणंल?"

"तुमी विचारा. मला फोनवर बोलाय सुचत न्हाय तिच्यासंगं. मी गप बसतो, ती बी गप बसती. मग ठिवतो."

"विचारतो की. आजच विचारतो."

फोन खिशात टाकून बापूसाहेबांनी मोटार बंद केली. असं ते बऱ्याचदा म्हणाले होते. आधी उन्हाळा सरू दे म्हणाले. मग पेरण्या होऊ देत, मग गौरी-गणपती होऊ देत. जावई वाईट नव्हता. खतांचं दुकान होतं, दारू नव्हती, हात उगारणं नव्हतं. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये बापूसाहेबांनी फिटर म्हणून सगळी नोकरी काढली होती. एखादा भाग बसत नसला की फेकायचा नाही, कानस घ्यायची, थोडं थोडं घासायचं आणि परत लावून बघायचं, बसतो. वेळ गेला की माणसंही बसतात, असं त्यांना वाटत आलं होतं. आता उन्हाळा, पेरण्या, गणपती, सगळं होऊन गेलं होतं.

त्या दिवशी दुकानात त्यांनी तंबू मागितला तेव्हा दुकानदारानं विचारलं होतं, "किती माणसं?" बापूसाहेबांना उत्तर देता आलं नव्हतं. "मोठा दाखवा," एवढंच ते म्हणाले. हिरवा तंबू उघडल्यावर आत मधोमध एक पडदा दिसला. पडदा सोडला की एकाच्या दोन खोल्या होत होत्या. पडदा बघितला आणि बापूसाहेबांच्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. एका बाजूला घरची माणसं, दुसऱ्या बाजूला लेक-जावई. दोघं आपोआप शेजारी येतील. कुणाला काही बोलावंच लागणार नाही.

ते पायऱ्या चढू लागले. वर आवाज चढले होते.

"चार माणसं," मायाक्का म्हणत होत्या. "कुटली चार रं? नावं सांग."

"आई, ते कंपनीचं माप असतंय. चार म्हंजे काय चारच असं न्हाय."

"मग चार कशाला लिवलंय?"

सोनालीनं टेपनं तळ मोजला होता. ती सासूबाईंना म्हणाली, "चौघं झोपली तर एका माणसाला किती जागा येते माहितीय का, आत्याबाई? आपली चादर मधून दुमडली की जेवढी होते, त्याच्यापेक्षा कमी. कूस वळायची तर शेजाऱ्याला सांगून वळावं लागेल."

"बगा!" मायाक्का लेकाकडे बघून म्हणाल्या. "आन् ह्यानं त्योच आणलाय."

अजिनाथला कळेना की आईला नेमका कशाचा राग आहे. तंबू आल्यापासून ती त्याच्याशी धड बोलत नव्हती. त्याच्या ताटात शेंगाचटणी वाढायची विसरत होती, आणि ती विसरणाऱ्यातली नव्हती.

मायाक्कांच्या मनात मात्र काही गोंधळ नव्हता. लेकानं खोक्यावर चार माणसं बघितली आणि तेच मागवलं. म्हातारा-म्हातारी दोन, नवरा-बायको दोन, मधे पोर. यात बहीण कुठं बसत होती? पाठच्या बहिणीला त्यानं धरलंच नव्हतं. हे त्याला तोंडावर विचारायचं तर माणसं मोजावी लागणार, आणि माणसं मोजायची नसतात. मेंढरं मोजायची नाहीत, माणसं मोजायची नाहीत. मोजलं की कमी होतं, असं त्यांची आई सांगायची. मायाक्का आजही किती जण जेवायला आहेत असं विचारत नसत. दारातल्या चपलांकडे एक नजर टाकायच्या आणि पीठ घ्यायच्या. भाकरी कधी कमी पडली नव्हती.

"मोजायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "आतरूण टाकू. समदी आडवी व्हा. कळंल."

निळ्या तंबूत वाकळा पडल्या. दाराशी बापूसाहेब, कारण बापय माणूस दाराशी झोपायचा. मग अजिनाथ, भुवी, सोनाली, मायाक्का. मायाक्का भिंतीला टेकणार तेवढ्यात थांबल्या. त्यांनी एक वाकळ घट्ट गुंडाळली, दोन्ही टोकांना दोरी बांधली आणि आपल्या आणि कापडाच्या मधे ठेवली.

"ही कोण, आज्जी?" भुवीनं विचारलं.

"नंदाआत्या तुजी. ती लॅबीतनं येईपातूर तिची जागा धरलीया."

भुवी उठून, सगळ्यांच्या पायांवर पाय देत बाहेर पळाली आणि वाळत घातलेली राजनंदिनीची पिवळी ओढणी घेऊन आली. तिनं ती वाकळेच्या एका टोकाला डोक्यासारखी गुंडाळली.

"आता झाली आत्या."

"माज्या पोटरीवर कोण हाय?" बापूसाहेबांनी विचारलं.

"मी न्हाय आबा, हितं गुडघा कुणाचाय बगा," अजिनाथ म्हणाला.

"गुडघा माजा हाय, पर पाय कुटं गेला त्येच कळंना."

भुवी खिदळली. सोनालीलाही हसू आलं. एका कुशीवर, श्वास आखडून, ती छताकडे बघत होती. निळ्या कापडातून आलेल्या उजेडात सगळ्यांचे चेहरे पाण्याखालचे दिसत होते. शेजारी मायाक्कांनी एक हात त्या वाकळेवर टाकला होता, मूल निजवताना टाकतात तसा.

आणि मग तिला शिवणीवर थेंब दिसला. एक नव्हे, एका ओळीत बरेच, मोहरीएवढे.

"पाइप बंद आहे ना?"

"कवाच बंद केलाय," अजिनाथ म्हणाला.

"मग हे बाहेरचं नाही. हे आपलंच आहे. आपण सगळे आत श्वास सोडतोय. कापड बाहेरून ओलं आहे म्हणून थंड आहे, माठासारखं. वाफ जाऊन त्याला लागते आणि पाणी होतं."

"म्हंजे टेंट गळत न्हाय?"

"ते मी म्हटलं नाही. हे पाणी आपलं आहे, एवढंच म्हटलं. गळतो का ते वेगळं बघावं लागेल."

"म्हंजे मीच गळायलोय म्हण की," बापूसाहेब म्हणाले. "पर एक कळलं का न्हाय? ह्यात बसत न्हाय आपण. चला, आता माज्या तंबूत. पाय पुसून या सगळी. मळला तर त्यो परत घ्यायचा न्हाय."

"परत करायचाय का ठेवायचाय, आबा?" अजिनाथनं विचारलं.

"ठेवायचाच हाय. पर तरी पाय पुसा."

हिरव्या तंबूत उभं राहता येत होतं. भुवीनं दोन गिरक्या घेतल्या. बापूसाहेबांनी वाकळा उचलून आत आणल्या आणि कुणाला न विचारता स्वतःच मांडायला सुरुवात केली. बायको मांडामांड करते तेव्हा ते नेहमी बाजूला उभे राहत; म्हणून मायाक्का जरा चकित होऊन बघत राहिल्या. अलीकडच्या बाजूला त्यांनी चौघांची आणि पोरीची अंथरुणं टाकली. मग एका हातानं पडदा सरकवला आणि पलीकडे एक चादर पसरली. तिच्या शेजारी दुसरी पसरली. दोन्हींच्या कडा हातानं सरळ केल्या.

सोनालीला आतापर्यंत खात्री होती की तिला सासरे समजलेत. मोठा तंबू आणला, म्हणजे त्यांनी लेकीला कायमची घरात धरली. तेव्हा तिला बरं वाटलं होतं. थोडी धास्तीही वाटली होती, कारण हे नक्की झालं तर पुढच्या खोलीत लावलेली राजनंदिनीची कॉट आता तिथंच राहणार होती, आणि त्याबद्दल आपल्याला काय वाटतं ते सोनालीनं स्वतःला कधी नीट विचारलं नव्हतं. आता त्या दोन चादरींकडे बघताना तिला आपलं गणित पहिल्या पायरीपासून चुकल्यासारखं वाटलं.

"ही दोन कुणाची?" मायाक्कांनी विचारलं.

"एक नंदाचं."

"आन् दुसरं?"

बापूसाहेबांनी पडद्याच्या दोरीची गाठ सोडली आणि परत मारली.

"आवो, दुसरं कुणाचं म्हणते मी?"

जिन्यात चपला वाजल्या.

रविवारी राजनंदिनी लवकर सुटायची. उपाशीपोटी रक्त द्यायला येणारे लोक सकाळी गर्दी करत आणि ऊन चढेपर्यंत संपत. दार उघडं होतं, खाली कुणी नव्हतं, मोटार बंद होती आणि अर्धी पिपं रिकामी होती. पाण्याच्या दिवशी असं कधी होत नसे. ती जवळजवळ धावतच वर आली. मास्कच्या इलॅस्टिकचा वळ तिच्या गालावर अजून होता.

तिला आधी निळा तंबू दिसला. दाराची चेन उघडी होती. आत कोपऱ्यात कुणीतरी तिची पिवळी ओढणी डोक्यावरून घेऊन, भिंतीकडे तोंड करून झोपलं होतं. ती खाली वाकली. मग ती वाकळ आहे हे तिच्या लक्षात आलं.

"ही कोण?"

"तू," हिरव्या तंबूतून डोकं बाहेर काढून भुवी म्हणाली. "आत्या, इकडे ये. इथं पण तूच आहेस. आणि तुझ्याशेजारी कोण आहे ते आबा सांगत नाहीत."

राजनंदिनी दारापर्यंत आली. तिनं आत बघितलं. पडदा, पडद्यामागच्या दोन चादरी, काठाला काठ लावून ठेवलेल्या. ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली.

"सिदूराव येणारायत जत्रंला," बापूसाहेब म्हणाले. "म्हंजे, यायलेत. मीच या म्हणालो."

"आन् आमाला कुणाला सांगितलं न्हाय?" मायाक्कांचा आवाज चढला.

"सांगणारच होतो."

"कवा? जत्रंत?"

"अगं, पोरगा रोज फोन करतोय. म्हंजे रोज न्हाय, पर करतोय. त्याला काय सांगू मी? किती दिस सांगू?"

"मामा," सोनाली सासऱ्यांना हळूच म्हणाली, "तुम्ही मोठा तंबू आणलात तेव्हा मला वाटलं, ताईंना धरूनच आणलात."

"धरूनच आणलाय की! तिच्यासाठीच तर आणलाय."

"ते वेगळं धरणं झालं."

"वेगळं कसं काय? हिकडं तरी जागा हाय तिला. तुज्या नवऱ्यानं आणलाय त्यात तर जागाच न्हाय."

"त्येच म्हणते मी!" मायाक्का एकदम लेकाकडे वळल्या. "ह्यानं भणीला धरलंच न्हाय. चार म्हणं चार!"

अजिनाथ त्यांच्याकडे बघतच राहिला. "आई, म्हणून तू माझ्याशी बोलत न्हवतीस?" त्यानं कपाळाला हात लावला. "अगं, गाड्या लांब लावायला लागतात. तितनं मैदानापर्यंत टेंट खांद्यावर न्यायचाय, कोण नेणार? मीच की. हलका बघून घेतला. आणि नंदा यायची न्हाय असं मला वाटलं."

"का?" हे राजनंदिनीनं विचारलं. आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली होती.

"तितं सगळे भेटणार तुला. तुजी नणंद, सासू, चुलतसासरे. जो भेटंल त्यो विचारणार. तुला नको असंल म्हणून... मी तुला विचारणार होतो."

"पण विचारलं न्हाईस."

"न्हाय."

"वहिनी, तुम्ही?"

सोनालीला खोटं बोलता आलं नाही. "मला कोणी काही विचारलं नाही, म्हणून मीही विचारलं नाही. मी आपली तंबूच्या आकारावरून ओळखत बसले."

ते ऐकून राजनंदिनीच्या ओठांवर काहीतरी आलं, पण ते हसू होतं की नाही ते सोनालीला ठरवता आलं नाही.

अजिनाथचा फोन वाजला. त्यानं बघून बंद केला. "ते परत नेण्याचं विचारायलेत. आज दुपारपर्यंत सांगायचंय. निळा न्या म्हणू का राहू दे म्हणू?"

"निळ्यात बसत न्हाय," मायाक्का म्हणाल्या.

"मग हिरवा ठेवायचा?"

"ह्या दोन चादरी हाईत तवर हिरवा मला नको."

"चादरी काढल्या तर?"

"मग बगू."

"अगं, तंबूचं बोल! चादरीचं काय काढलंस?" बापूसाहेब ओरडले. मग त्यांनी श्वास घेतला आणि लेकीकडे वळले. जे विचारायचं होतं ते ओठांपर्यंत आलं, आणि नेहमीसारखं तिथंच अडलं. "नंदा," ते म्हणाले, "तूच सांग. कुटला ठेवू?"

राजनंदिनीनं वडिलांकडे बघितलं. त्यांचा हात अजून पडद्याच्या दोरीवर होता. एवढ्या महिन्यांत या घरात तिला कुणी कशाबद्दल काय हवं म्हणून विचारलं होतं, असं तिला आठवेना. ती भाजी निवडत असे, भुवीचा अभ्यास घेत असे, पगारातून गॅस भरत असे, आणि घरातली सगळी माणसं तिच्या भोवतीनं पाय न वाजवता चालत. सुरुवातीला तिला ती माया वाटली होती. ती मायाच होती. पण वैरागच्या घरातही हेच होतं. तिथंही कुणी ओरडत नव्हतं. दुकान बंद करून सिदू यायचा, जेवायचा, टीव्ही बघायचा, आणि कित्येक दिवस तिच्याशी एक वाक्य बोललेला नसायचा. यात सांगण्यासारखं काय होतं? मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. आपण का आलो, ते तिला स्वतःलाच नीट मांडता येत नव्हतं, म्हणून तीही वाट बघत राहिली होती. कुणीतरी विचारेल, मग उत्तर देताना आपल्यालाच कळेल. आता वडिलांनी विचारलं होतं ते तंबूचं. पण विचारलं तर होतं.

ती वाकून निळ्या तंबूत शिरली. गुंडाळलेल्या वाकळेवरची ओढणी तिनं सोडून घेतली, झटकली आणि खांद्यावर टाकली. मग वाकळेच्या दोऱ्या सोडल्या. वाकळ काखेत धरून ती हिरव्या तंबूत आली, पडद्यापलीकडे गेली. तिथली एक चादर उचलून तिनं घडी केली. मग दुसरी उचलली. दोन्ही घड्या सोनालीच्या हातात दिल्या. पडदा पूर्ण बाजूला सारला आणि आईच्या अंथरुणाला लागून आपली वाकळ पसरली.

"नंदा, पोरी, सिदूरावांना मी काय सांगू?" बापूसाहेबांचा आवाज अगदी लहान झाला होता.

ती वाकळेवर बसली. तिनं उजवा हात वर केला आणि बोट वडिलांकडे केलं.

"आबा, एक."

"अगं ए," मायाक्का दचकून पुढे सरकल्या, "मोजू नगं! माणसं मोजू ने—"

"आई, दोन."

मायाक्कांनी तोंडावर पदर धरला.

"दादा. वहिनी. भुवी." ती प्रत्येकाकडे बघत होती, घाई करत नव्हती. मग तिनं तोच हात उलटा करून स्वतःच्या छातीवर ठेवला. "आणि मी. सहा. हिरवा ठेवा, दादा. पडदा काढून टाका."

खाली रस्त्यावर कुणाच्या तरी टाकीतलं पाणी भरून वाहत होतं, त्याचा आवाज येत होता.

"त्यांना तुमी काय सांगू नका, आबा. आज मीच फोन करते, आणि ह्या वेळी गप बसत न्हाय. पण आधी तुमाला सांगते," राजनंदिनी म्हणाली. "मी वैरागला परत जाणार न्हाय."